डोकेदुखी मुलांची, दुखणे दिनक्रमाचे

करोना महासाथीच्या काळात मुलांच्या आरोग्याची चर्चा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. मुलांना संसर्ग किती होतो हा एक आणि शाळा बुडाल्याने त्यांचे नुकसान किती झाले हा दुसरा. या दोहोंच्या मधे एक किरकोळ वाटणारी तक्रार हरवून गेली, ती डोकेदुखीची. ‘डोकं दुखून राहिलं’ असे पूर्व विदर्भातील एखादे मूल सांगते, तेव्हा घरातील मोठी माणसे आधी त्याच्या हातातील मोबाइलकडे आणि मग पुढ्यातील वहीकडे पाहतात. निदान तेथेच होऊन जाते. अभ्यास टाळण्याचा बहाणा, नाही तर मोबाइलचे वेड. महासाथीच्या काळात जगभर झालेली पाहणी लक्षात घेता ही दोन्ही निदाने अपुरी आहेत.

मुळात मुलांची डोकेदुखी हा अपवादात्मक विकार नव्हे. विविध देशांतील पाहण्यांचा २०१० मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सांगतो की, निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी डोकेदुखीचा त्रास होतो आणि सुमारे आठ टक्के मुलांना अर्धशिशी म्हणजे मायग्रेन असते. अर्धशिशी या नावावर मात्र जाता कामा नये. मुलांमध्ये ती अनेकदा अर्ध्या नव्हे, तर दोन्ही बाजूंना ठणकते, दोन-तीन तासांत ओसरते आणि सोबत मळमळ किंवा पोटदुखी असते. सकाळी विव्हळणारे मूल दुपारी अंगणात खेळताना दिसले की मोठ्यांचा संशय बळावतो. प्रत्यक्षात तो या आजाराचा स्वभावच आहे.

अशा मुलांचे टाळेबंदीत काय झाले? येथे दोन परस्परविरोधी उत्तरे समोर येतात. इटलीतील अनेक डोकेदुखी केंद्रांनी मिळून २०२०च्या पहिल्या टाळेबंदीत सातशेहून अधिक मुलांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांचा त्रास कमी झाला होता. वाढला होता तो केवळ १५ टक्क्यांच्या आसपास मुलांचा. शाळेचा ताण आणि त्यासोबतची धास्ती कमी झाली, हे त्याचे मुख्य कारण संशोधकांनी दिले. याउलट अमेरिकेत वॉशिंग्टन येथील चिल्ड्रन्स नॅशनल रुग्णालयाने २०२०चा उन्हाळा ते २०२१चा हिवाळा या काळात १०७ बालरुग्णांकडून माहिती घेतली, तेव्हा जवळपास निम्म्यांची डोकेदुखी बळावलेली आढळली. रोज, अखंड डोके दुखणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले होते. निम्म्याहून अधिक मुलांची शारीरिक हालचाल घटली होती आणि सुमारे ६१ टक्के मुले दिवसाला सहा तासांहून अधिक वेळ पडद्यासमोर होती.

वरवर पाहता ही दोन चित्रे एकमेकांना छेद देतात. परंतु काळाचे अंतर ध्यानात घेतले की ती एकाच कथेचे दोन भाग वाटू लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलांच्या वाट्याला अवचित सुट्टी आली. भल्या पहाटे उठणे नव्हते, परीक्षा नव्हती, दप्तराचे ओझे नव्हते. पुढे सुट्टी संपली, शाळा मात्र आली नाही. तिच्या जागी पडदा आला. सवंगडी, मैदान, ऊन, ठरल्या वेळचे जेवण आणि ठरल्या वेळची झोप या गोष्टी एकामागून एक निसटत गेल्या. डोकेदुखीला प्रवृत्त असलेला मेंदू बदलाबाबत विलक्षण हळवा असतो. उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, जागरण आणि चिंता ही त्याला डिवचणारी नेहमीची कारणे आहेत. महासाथीने ती सारी एकाच घरात आणून बसवली.

हे विदेशी आकडे मोठ्या रुग्णालयांतील विशेष विभागांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. गोंदिया शहराजवळचे, प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे गाव घेतले, तर प्रश्नाचे रूप बदलते. या धानाच्या मुलखातील कुटुंबांत प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक असण्याचा प्रश्न नव्हता. घरात एक स्मार्टफोन, तोही वडिलांचा. ‘असर’च्या २०२१च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सुमारे ६८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु तो असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. जून-जुलैत शिक्षण ‘ऑनलाइन’ सुरू झाले, तेव्हा शिवारात रोवणीची धांदल असते. दिवसभर फोन बांधावर आणि रात्री मुलाच्या हातात, अशी त्या घरांची व्यवस्था. म्हणजे शहरी मुलाला पडदा दिवसभर पुरला आणि गावातल्या मुलाच्या वाट्याला तो अंथरुणावर, मंद उजेडात, हातभर अंतरावर आला. पडद्याचे तास त्याचे कमी भरतील. झोपेचे नुकसान मात्र कमी भरेलच असे नाही.

केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे सुचवली होती. मर्यादा योग्य होती. पण तिने वर्ग मोजले, वर्गानंतर मोबाइलवर आलेला गृहपाठ मोजला नाही. त्या तुलनेत सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून दाखवली गेलेली ‘टिलीमिली’ ही मालिका डोळ्यांना आणि मानेला कितीतरी सुसह्य होती. दूरचित्रवाणी संच भिंतीशी असतो, मूल त्यापासून दूर बसते आणि कार्यक्रम ठरल्या वेळी संपतो. साधे वाटणारे हे माध्यम आरोग्याच्या दृष्टीने अधिक शहाणे होते, याची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही.

शाळा बंद झाल्याने आणखी एक धागा तुटला. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. त्यात दृष्टीचीही तपासणी असते. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. शाळा नाही म्हणजे शाळेतील तपासणी नाही. नेमक्या त्याच काळात मुलांच्या दृष्टीवर ताण पडत होता. चीनमधील फेइचेंग येथे सहा वर्षांच्या मुलांमध्ये २०१५ ते २०१९ या काळात दूरचे न दिसण्याचे प्रमाण ५.७ टक्क्यांवर कधी गेले नव्हते. २०२० मध्ये ते २१.५ टक्के आढळले. प्रत्येक डोकेदुखी चष्म्याने बरी होत नाही, हे खरे. तरीही फळ्यावरचे अक्षर डोळे बारीक करून वाचणाऱ्या मुलाचे डोके संध्याकाळी दुखत असेल, तर पहिली तपासणी डोळ्यांचीच हवी.

शालेय पोषण आहाराचेही तसेच. बंदच्या काळात तांदूळ आणि कडधान्य घरपोच देण्याची सोय शासनाने केली. धान्य पोहोचले, पण ठरल्या वेळी वाढलेले ताट पोहोचले नाही. पालक शेतावर असताना दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत न जेवलेल्या मुलाच्या डोकेदुखीचे मूळ शोधण्यास मेंदूच्या छायाचित्राची गरज नसते.

औषधांबाबत तर फार सावध राहावे लागेल. गावातील औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी सहज मिळते आणि थोडा वेळ गुणही येतो. परंतु महिन्यातील पंधरा वा अधिक दिवस अशा साध्या गोळ्या घेण्याची सवय काही महिने चालली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. रोजच्या प्रतिबंधक औषधांचीही मर्यादा उघड झाली आहे. मुलांच्या अर्धशिशीवरील दोन प्रचलित औषधांची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. औषध घेणाऱ्या मुलांमध्ये ५२ व ५५ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये ६१ टक्के मुलांचा त्रास निम्म्याने वा त्याहून अधिक घटला. त्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. दिनक्रम सुधारण्याचा सल्ला म्हणूनच केवळ बोलण्यापुरता उरत नाही. तो उपचाराचा भाग ठरतो.

मात्र काही लक्षणे दिसल्यास घरगुती तर्क करीत बसू नये. दुखण्याने झोपेतून जाग येणे, सकाळी उठताच उलट्या होणे, चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, तापासोबत मान ताठरणे, किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत जाणे, यांपैकी काहीही आढळले तर मूल त्वरित डॉक्टरांकडे नेले पाहिजे. नागऱ्यासारख्या गावाला त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज प्रथमदर्शनी नाही. २०१६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गोंदियातच आहे. जाताना एक वही सोबत न्यावी. डोके कोणत्या दिवशी, किती वाजता दुखले, त्याआधी मूल कधी झोपले, काय खाल्ले आणि कोणती गोळी दिली, एवढी चार-सहा आठवड्यांची नोंद डॉक्टरांना निदानासाठी मोठीच मदत करते.

शाळा उघडल्या, पण मोबाइलवरून येणारा गृहपाठ अनेक शाळांत कायम राहिला. तो रात्री आठनंतर पाठवू नये आणि वहीत लिहिण्याजोगा असेल तर वर्गातच सांगावा, एवढा नियम शाळा व्यवस्थापन समितीला आपल्या बैठकीत करता येईल. त्यासाठी ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी.