परक्याचे पाणी आणि स्वावलंबनाचे सोवळे

दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात स्वाराच्या मागे गाडी असते आणि त्या गाडीत मिस्त्री, जेवणखाण, सुटी चाके व रात्रभर जागून वाट सांगणारी माणसे असतात. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत चालणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत असून, नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ती पूर्ण केल्यापासून महाराष्ट्रात तिची चांगली ओळख झाली आहे. दुसरा प्रकार स्वावलंबी स्वारीचा, ज्यात गाडी नाही, मदतनीस नाहीत. लागेल ते सायकलवर बांधून न्यायचे किंवा वाटेतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या दुकानांतून घ्यायचे. 'ब्रेव्हे' या नावाने पुण्यात आणि इतरत्र होणाऱ्या स्वाऱ्या याच जातीच्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे, वाटेतल्या ठरावीक ठाण्यांवर, म्हणजे 'कंट्रोल'वर, वेळेत पोहोचल्याची नोंद करायची, आणि वैयक्तिक मदत घ्यायचीच तर ती फक्त या ठाण्यांवर घ्यायची, असा त्यांचा नियम आहे. ब्रेव्हेत क्रमांक काढले जात नाहीत. क्रमांक काढणाऱ्या स्वावलंबी शर्यतींत माइक हॉल यांनी सुरू केलेली 'ट्रान्सकॉन्टिनेन्टल' अग्रगण्य असून ती २०१३ मध्ये प्रथम लंडन ते इस्तंबूल अशी झाली.

या दुसऱ्या प्रकाराविषयी एक मत सध्या मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते असे, की स्वावलंबी स्वारीत अनोळखी माणसाने फुकट दिलेली कोणतीही वस्तू किंवा सेवा स्वीकारणे ही फसवणूक असून, अशा स्वाराचे नाव यादीतून कापले पाहिजे. पूर्वपक्षाची मांडणी थोडक्यात चार मुद्द्यांची आहे. नियमात 'कोणतीही मदत नाही' असे लिहिले आहे, तेव्हा त्यात पाण्याचा घोटही आला. एकाला मदत मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, त्यामुळे समान संधी उरत नाही. आज पाणी चालवून घेतले तर उद्या चाक चालवून घ्यावे लागेल. आणि ज्याला परक्याचा हात लागतो त्याने घरी बसावे. शेवटचा मुद्दा हा मुद्दा नसून निव्वळ तोरा आहे, म्हणून तो येथेच सोडून दिलेला बरा.

या मताची कसोटी पाहण्यासाठी आंबेगाव तालुक्यातील कळंबइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान, घोड नदीच्या काठी वसलेल्या या गावाचे शिवार बागायती आहे. जुन्नर वनविभागाच्या या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, उसातच पिले वाढवतो आणि रात्री बांधावरून हिंडतो. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र उभारावे लागले ते याच पट्ट्यातल्या संघर्षामुळे. आता अशा शिवाराच्या कडेला रात्री दहाच्या सुमारास एखाद्या स्वाराचे मागचे चाक बसले असे समजावे. फुटलेल्या ट्रकटायरमधून महामार्गावर विखुरणारी केसासारखी पोलादी तार टायरमध्ये रुतलेली असते. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही दोन किलोमीटरवर बसते, आणि कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात ती तार बोटाने चाचपून शोधावी लागते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असल्यामुळे उसाची दारे धरायला, म्हणजे पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत फिरवायला, निघालेला शेतकरी तेथे थांबतो. "पावणं, हितं बसू नका, उसात वाघ हाये," असे सांगून तो जात नाही. हातातली मोठी बॅटरी चाकावर धरतो, तार दिसते, ट्यूब बसते, टायरची कड रिममध्ये जाते, आणि मगच तो आपल्या पाण्याकडे वळतो. पूर्वपक्षाच्या मते येथे गुन्हा घडला, कारण परक्याचा उजेड चाकावर पडला. या निवाड्यातला अविचार दाखवण्यासाठी वेगळा पुरावा लागू नये.

परंतु पूर्वपक्ष येथे एक पळवाट काढतो, आणि तीच त्याची खरी दुखरी जागा आहे. त्याचे म्हणणे असे, की मदत विकत घेतली तर चालते, कारण बाजारातली सेवा सर्वांना खुली असते. म्हणजे त्याच शेतकऱ्याने बॅटरी धरण्याचे वीस रुपये मागितले असते आणि स्वाराने ते दिले असते, तर तोच उजेड नियमात बसला असता. याचा सरळ अर्थ असा होतो की लोभी माणसाची मदत निर्मळ आणि उदार माणसाची मदत बाटलेली. नोटेचा स्पर्श झाला की दोष फिटतो. सोवळ्याची कल्पना ज्या समाजाने मोठ्या कष्टाने मागे टाकली, त्या समाजातल्या सुशिक्षित स्वारांनी ती सायकलच्या हँडलला पुन्हा बांधावी, हे खेदाचे आहे.

पैसा हीच कसोटी धरली तर तिचे पुढचे परिणामही पाहावे लागतात. महामार्गावरच्या पेट्रोलपंपाला हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह मोफत ठेवणे बंधनकारक आहे. मग पंपावर बाटली भरणारा स्वार बाद काय? पंक्चरच्या दुकानात नुसती हवा भरायची असेल तर अनेक दुकानदार पैसे घेत नाहीत, "हवेचे कसले पैसे?" म्हणून हात हलवतात. मग ज्याने आग्रह करून दहा रुपये ठेवले तो पात्र आणि ज्याने आभार मानले तो अपात्र काय? देवळाबाहेरचा नळ, एस.टी. थांब्यावरची पाणपोई, गुरुद्वाऱ्यातला लंगर यांपैकी काहीही व्यापारी नाही, तरीही यातले प्रत्येक ठिकाण कोणत्याही दुकानापेक्षा अधिक खुले आहे, कारण तेथे खिसा रिकामा असलेलाही जाऊ शकतो. म्हणजे ज्या समान संधीच्या नावाने पैशाची कसोटी लावली, तीच कसोटी संधी असमान करते. ज्याच्या खिशात बँकेचे कार्ड आहे तो नारायणगावला वातानुकूलित खोली घेईल, गरम जेवेल, मिस्त्रीला बोलावून सायकल नीट करून घेईल, आणि हे सर्व स्वावलंबन ठरेल. ज्याने उसनवारीने सायकल आणली, भाकरी बांधून घेतली आणि कळंबच्या एखाद्या वस्तीवर तांब्याभर पाणी मागितले, तो मात्र परावलंबी ठरेल. मग स्वावलंबनाच्या नावाखाली मोजली जाणारी गोष्ट ऐपत असते.

आणि पैसे देऊन टाकावेत असे म्हणणाऱ्यांनी कळंबच्या ओसरीवर बसलेल्या आजीला चहाचे पैसे देऊन पाहावेत. ती ते घेणार नाही, आणि कपाखाली नोट सरकवून निघून जाणे हा तिचा अपमान आहे. तिचे घर म्हणजे स्वाराच्या प्रमाणपत्रासाठी तात्पुरते उघडलेले हॉटेल नव्हे. शर्यत ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता कोणाच्या तरी गावातून जातो, आणि त्या गावाची वागण्याची रीत शहरातून आलेल्या नियमपुस्तिकेपेक्षा फार जुनी आहे. जुन्नर हे सातवाहनकाळातले व्यापारी नगर, आणि कोकणातून नाणेघाट चढून येणारी वाट तेथे पोहोचत असे. त्या वाटेवर आणि जुन्नरच्या लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. अशा टाक्याला तेथल्या ब्राह्मी लेखांत 'पोढी' म्हटले असून, इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परकीय वंशाच्या माणसाने, दोन पोढी दान दिल्याची नोंद त्यांत सापडते. दूरच्या वंशाच्या एका माणसाने अनोळखी लोकांच्या तहानेची सोय करून ठेवली. त्या टाक्यांवर तहान भागवणारे तांडे परावलंबी होते, असे कोणी म्हणणार नाही.

हा वाद सायकलपुरता नवा असला तरी त्याचा साचा जुना आहे. सह्याद्रीत डोंगरभटकंती करणाऱ्यांत पूर्वी असाच वाद रंगे, की जीवधन किंवा हरिश्चंद्रगड चढताना पायथ्याच्या गावातला वाटाड्या घेतला तर ती भटकंती खरी की खोटी. वाटाड्या न घेण्याचा अभिमान मिरवणारे त्या गावात रात्री मुक्काम करत, त्याच गावाच्या चुलीवर भात शिजवत आणि सकाळी ढोरवाट कोणती हे त्याच गावाच्या पोराला विचारून निघत. पण वृत्तान्तात लिहिताना डोंगर 'एकट्याने' सर झालेला असे. गावाला वापरायचे आणि हिशेबातून वगळायचे, ही ती वृत्ती. नकाशा दाखवणारी उपग्रहप्रणाली आली तेव्हाही ती वापरणे म्हणजे मदत घेणे आहे असा ओरडा झाला होता. आज तीच प्रणाली हँडलवर लावून तेच लोक शेतकऱ्याच्या बॅटरीला नावे ठेवतात. परदेशातल्या यंत्राने वाट सांगितली तर स्वावलंबन, आणि कळंबच्या माणसाने सांगितली तर फसवणूक, हा भेद कोणत्याही तर्काने सिद्ध होत नाही.

नियमाच्या अक्षराला चिकटण्याचे टोक कोठे जाते याचे उदाहरण सायकलच्या इतिहासातच आहे. १९१३ च्या 'तूर द फ्रान्स'मध्ये तूरमाले घाट उतरताना युजीन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. सायकल खांद्यावर घेऊन ते दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालत एका गावातल्या लोहाराच्या भट्टीपर्यंत गेले आणि नियमाप्रमाणे त्यांनी तो फोर्क स्वतःच्या हातांनी जोडला. दोन्ही हात कामात गुंतलेले असताना एका लहान मुलाने भाता मारला, आणि त्या भात्यासाठी पंचांनी त्यांना दहा मिनिटांचा दंड ठोठावला, जो पुढे कमी करण्यात आला. आज त्या पंचांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. क्रिस्तोफ यांचे धैर्य मात्र जगभर सांगितले जाते, आणि त्या मुलाच्या भात्याने ते तसूभरही कमी झाले असे कोणी म्हणत नाही.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा लागत नाही. नियमाचे वाक्य त्याच्या प्रकरणासह वाचायचे असते, आणि हे वाक्य मागून चालणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणात आलेले आहे. दैवाने मिळणारी मदत असमान असते हे खरे, पण समोरचा वारा, अवकाळी पाऊस आणि टायरमधली तारही असमानच असतात. आज पाणी तर उद्या चाक, या भीतीवर उपाय म्हणजे पाणी आणि चाक यांत रेघ ओढणे. पाणीच बंद करणे हा उपाय नव्हे.

पूर्वपक्षाजवळ एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तोच क्वचित मांडला जातो. आता स्वाराच्या सायकलवर माग काढणारे यंत्र असते, त्याचा ठिपका घरबसल्या नकाशावर दिसतो, आणि तो पाहून एखादा चाहता केळी, गरम दूध व कोरडे मोजे घेऊन मंचरच्या चौकात उभा राहू शकतो. हा चाहता स्वाराला अनोळखी असला तरी तो वाटेवरचा माणूस नव्हे. तो त्या एका स्वारासाठी आलेला आहे आणि मागून येणाऱ्यासाठी थांबणार नाही. अशी मदत नाकारलीच पाहिजे. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच, की दोष परकेपणात किंवा फुकटेपणात नसून आखणीत आहे.

येथून स्वपक्षाची मांडणी सरळ होते. स्वावलंबी स्वारीतला करार असा आहे की कोणीही आपला संघ घेऊन यायचे नाही. ज्या शर्यतीत संघ असतो तीही थोर असू शकते, हे महाजन बंधूंनी आणि समर्थ यांनी दाखवलेच आहे. हा करार मोडला की नाही हे तीन प्रश्नांनी ठरते. मदत आधी ठरवलेली किंवा त्या एका स्वारासाठी आणलेली होती काय. मदतीने स्वाराला पुढे नेले काय, मग ते टेम्पोत बसणे असो, उसाच्या ट्रॉलीला हात धरणे असो की मोटारसायकलच्या आडोशाने वारा चुकवणे असो. आणि स्वाराने ती लपवली काय. पहिल्या दोनपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तर स्वारी बाद, आणि तिसऱ्याचे आले तर स्वारीबरोबर स्वाराचा शब्दही बाद. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर पाणी, चहा, उजेड, सावली आणि वाटेची माहिती ही त्या मुलखाचा भाग आहेत, जसा चढ आणि वारा हा त्या मुलखाचा भाग आहे.

ब्रेव्हेचे वर्ष नोव्हेंबरपासून सुरू होते. त्याआधी आयोजकांनी ही तीन कलमे स्वच्छ मराठीत लिहून प्रत्येक स्वाराच्या हाती द्यावीत, पुढच्या कंट्रोलवर मिळालेली मदत सांगण्याची प्रथा पाडावी, आणि ज्यांना कळंबच्या माणसाचे पाणी बाटलेले वाटते त्यांना ते न पिण्याची पूर्ण मोकळीक द्यावी. इतरांची नावे कापण्याचा अधिकार मात्र त्यांना देऊ नये.