रोपांचे वाटप आणि वसुली

जागतिक पर्यावरण दिन येतो ५ जूनला आणि महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. विदर्भात तर महिनाअखेरीस. म्हणजे ज्या दिवशी मुलांना निसर्गाची महती सांगावी असे जगाने ठरवले, त्या दिवशी आपली मुले सुट्टीवर असतात. ज्यांना अजून मामाचे गाव उरले आहे, ती आंब्याच्या झाडावर असतात. पर्यावरण शिक्षणाच्या दृष्टीने हा योग वाईट म्हणता येणार नाही. खरी पंचाईत शाळा उघडल्यावर होते. राहून गेलेला दिन मग उरकला जातो: घोषवाक्ये, प्रभातफेरी, पाहुण्यांच्या हस्ते एक रोप, त्या एका रोपाला लागलेले दहा-बारा हात आणि फोटो. खड्डा पुष्कळदा गेल्या वर्षीचाच असतो.

हा विषय आपल्या शाळांत सक्तीने आला तो न्यायालयाच्या दारातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा विषय करावा असे सांगितले. राज्ये ढिम्म हलेनात, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा कान पिळावे लागले. महाराष्ट्रात तिसरी-चौथीला ‘परिसर अभ्यास’ होताच. वरच्या वर्गांत पर्यावरण आले, २०२० नंतर नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आली. पुस्तके वाईट नाहीत. काही धडे तर नगरसेवकांना सक्तीचे करावेत असे आहेत. पण धडा आणि मूल यांच्यामध्ये ‘प्रकल्प’ नावाची एक वस्तू उभी राहते, आणि ती स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळते.

आमच्या शेजारच्या मुलीची प्रकल्पवही मी पाहिली. गंगेच्या प्रदूषणावर आठ पाने, रंगीत चित्रे, शेवटी ‘निष्कर्ष’. दहापैकी नऊ गुण. आमच्या सोसायटीच्या मागून एक नाला वाहतो. जुन्या नकाशात तो ओढा आहे आणि त्याला चांगले तीन अक्षरी नावही आहे. त्याच्यावर वहीत एक ओळ नव्हती. मुलगी हुशार आहे. तिला कोणी मागे जाऊन बघायला सांगितलेच नव्हते.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढला, त्यातली सुरुवातीची ग्रामीण शाखांत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा तो जमाना. म्हशींसाठी कर्जे दिली जात. वरून टार्गेट यायचे ते वाटपाचे. मार्चअखेर किती म्हशी दिल्या याचा तक्ता जायचा. वर्षाने म्हैस गोठ्यात आहे की नाही, यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. तपासणीच्या दिवशी एकच म्हैस दोन गोठ्यांत उभी राहिल्याचे किस्से त्या पिढीतल्या कुठल्याही बँकवाल्याला विचारा. वाटप म्हणजे प्रगती, आणि वसुली म्हणजे पुढच्या मॅनेजरची डोकेदुखी.

वृक्षारोपणाचे तेच झाले आहे. राज्याने २०१६ साली २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे लक्ष्य धरले. शाळाही त्यात उतरल्या. पुढे २०२१ मध्ये याची चौकशी करण्यासाठी समितीची घोषणा झाली. त्या राजकारणात मला शिरायचे नाही. मला खटकते ते एवढेच, की ज्या मुलांनी हौसेने रोपे लावली, त्यांना दोन उन्हाळ्यांनंतर ‘जा, किती जगली मोजून या’ असे सांगणारे फार थोडे निघाले. लावणे हा समारंभ असतो. मोजणे हे शिक्षण आहे, आणि त्यात गणित, विज्ञान आणि थोडी निराशा, तिन्ही येतात.

नोंदवही हवी, तर ती कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची, आणि २००४ च्या नियमांप्रमाणे त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची. वर्षानुवर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना महिना १० लाख रुपये भरायला लावू असे बजावले. धावपळ उडाली. धावपळीत लिहिलेल्या वहीत गावचे झाड किती आणि शेजारच्या गावच्या वहीतले किती, हे मार्चअखेर पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हे काम मुलांचे आहे, असे माधव गाडगीळ यांनी फार पूर्वी ओळखले होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी परिसर आणि शिक्षण यांवर जो गट नेमला होता, त्याचे ते अध्यक्ष. मुलांनी आपल्या भोवतालच्या नोंदी कराव्यात आणि त्या सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, हा विचार त्यात होता. कल्पना करा: ओढ्याला पाणी कोणत्या तारखेपर्यंत होते, पांगारा कधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, गेल्या वर्षीच्या पन्नास रोपांतली किती उभी आहेत. दहा वर्षे ओळीने लिहिली तर ही वही तहसीलदारालाही उपयोगी पडेल.

असे होऊ शकते, याचा पुरावा मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जात. आता घरटे सापडले की अंडी मोजून कुंपणात पुरतात, तारीख लिहितात, आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी किती पिल्ले निघाली ते मोजतात. वाटप आणि वसुली एकाच पाटीवर! शहरातून गेलेली मुले पहाटे वाळूत बसून हा हिशेब पाहतात. एखाद्या सकाळी एकही पिल्लू निघत नाही. तेही त्यांनी पाहावे.

मग हे सगळीकडे का होत नाही? माझा संशय असा की आपल्याला मुलांना प्लॅस्टिकची पिशवी नाकारायला शिकवायचे आहे, प्रश्न विचारायला नाही. पिशवीचा धडा कोणालाच अडचणीचा नसतो. पण नोंद ठेवणारे मूल पुढे नोंद मागतेही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे एक-दोन दिवसांत पडली, तेव्हा सरन्यायाधीशांना पत्र लिहिले ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, आणि त्या पत्राचीच याचिका करून ७ ऑक्टोबरला न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले. मेट्रोची कारशेड कुठे असावी यावर दोन मते असू शकतात. पत्र कोणाला आणि कसे लिहायचे, हे मात्र त्या पोरांना ठाऊक होते.

शहरांतल्या झाडांसाठी राज्यात १९७५ चा कायदा आहे. झाड तोडण्याआधी त्यावर सूचना लावावी लागते आणि कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. नववीतल्या मुलाला हे अर्ध्या तासात समजते. मध्यंतरी आमच्या रस्त्यावर अशी सूचना दिसली, तेव्हा शेजारच्या त्याच मुलीला मी ती वाचायला लावली. झाडाच्या नावाच्या जागी ‘जंगली’ असे लिहिले होते. हे कुठले झाड, असे तिने मला विचारले. झाड करंजाचे होते. हरकतीच्या अर्जात पहिला मुद्दा तिने तोच घातला.