शिकवणीला कोण नेणार?



दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मंडळातर्फे आम्ही सहा जण फराळाची पाकिटे घेऊन बिरकत अल अवामेरला गेलो होतो. आपल्यापैकी अनेकांनी हे ठिकाण फक्त ट्रकच्या रांगांमुळे पाहिले असेल. वक्रा नगरपालिकेच्या हद्दीतला हा भाग, गोदामे आणि कामगारांच्या वसाहती यांनी भरलेला. 'बिरका' म्हणजे अरबीत तळे. आज तिथे उभे राहिले की तळे कुठे असेल याचा अंदाजही येत नाही. सगळीकडे धूळ आणि पत्र्याची छपरे.

फराळ वाटून झाल्यावर कॅन्टीनमध्ये छोटासा गाण्याचा कार्यक्रम झाला. आमच्याबरोबर दहावीतली एक मुलगी आली होती. मोबाइलवर तानपुरा लावून तिने भूपातला छोटा ख्याल म्हटला, मग एक अभंग. समोर बसलेल्यांतले बरेच जण तिला ओळखत होते, कारण तिचे बाबा इथल्याच एका गोदामात कामाला होते. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. अभंग संपला तेव्हा टाळ्या जरा उशिराच वाजल्या. एक काका उठले आणि काही न बोलता तिच्या हातात चिवड्याचे पाकीट देऊन जागेवर जाऊन बसले.

परतताना वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, आम्हाला विचारले, "भाऊजी, तुम्ही शिकलेले आहात, सांगा. यंदा बोर्डाची परीक्षा आहे. गाणे बंद करू का?" वहिनींची स्वतःची नोकरी आहे म्हणून आरपी टिकली आणि दोघी इथे राहू शकल्या. नाहीतर कमावते माणूस गेले की आपल्यापैकी कितीतरी घरांना शाळेचे वर्ष अर्धवट टाकून गावी परतावे लागते, हे आपण पाहिलेले आहे.

आम्ही फारसा विचार न करता उत्तर दिले, "वहिनी, आधी दहावी. गाणे काय, नंतरही होईल." मुलगी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकले. घरी आल्यावर मात्र आमचे उत्तर आम्हालाच खुपू लागले. आम्ही रसायनशास्त्रातले, प्रयोगाआधीच निष्कर्ष सांगणाऱ्याला आम्ही रागावतो, आणि इथे आम्ही तेच केले होते. मग मोगूबाई कुर्डीकरांचे चरित्र पुन्हा आठवले.

मोगूबाईंचा जन्म 1904 सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. मुलीने गावे ही आई जयश्रीबाईंची इच्छा, म्हणून त्यांनी तिला लहानपणीच एका नाटक मंडळीत नेले. 1914 मध्ये आई गेली. मोगू तेव्हा दहा वर्षांची. पुढे ती सातारकर स्त्री संगीत मंडळीत नाटकांत कामे करू लागली, तिथून बाहेर पडावे लागले, मग आजारपण आले. उपचारासाठी घरच्यांनी तिला सांगलीला आणले. त्या आजारातही तिचा रियाज चालू होता. योगायोगाने त्याच सुमारास उस्ताद अल्लादिया खाँसाहेब सांगलीत होते. मुलीचा आवाज त्यांच्या कानावर पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले.

इथेच गोष्ट गोड झाली असती तर आम्ही ती सांगितली नसती. काही काळाने खाँसाहेब सांगलीहून गेले. पुढे ते मुंबईत स्थिरावले तेव्हा मोगूबाईही मुंबईला आल्या, पण तालीम सरळ मिळाली नाही. इतरांच्या विरोधामुळे ती खंडित झाली. मग आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिक्षण, मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे, आणि शेवटी 1934 मध्ये खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला. सांगलीतल्या त्या पहिल्या भेटीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी! प्रत्येक वेळी तालीम तुटली, आणि प्रत्येक वेळी बाईंनी जो गुरू मिळेल त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीचा षड्ज लावला.

दुःखानेही पाठ सोडली नाही. पती माधवदास भाटिया अकाली गेले. थोरली मुलगी किशोरी तेव्हा सहा-सात वर्षांची, तिच्या पाठची आणखी दोन भावंडे. बाईंनी मैफली आणि शिकवण्या करून तिघांना वाढवले. त्या काळी गाणाऱ्या बाईला मानही पुरेसा मिळत नसे आणि पैसाही. आईचे ते हाल आपण डोळ्यांनी पाहिले असे किशोरीताई पुढे अनेकदा सांगत. पण त्या घरात मुलीची तालीम थांबली नाही आणि शाळाही थांबली नाही. किशोरीताई मुंबईच्या जयहिंद कॉलेजपर्यंत पोचल्या. पुढे त्या कोण झाल्या हे आम्ही सांगायला नको. आईला 1974 मध्ये पद्मभूषण मिळाले, मुलीला 2002 मध्ये पद्मविभूषण.

आता कुणी म्हणेल, अहो, हे मोठ्या लोकांचे झाले. आमच्या मुलीला काही किशोरी आमोणकर व्हायचे नाही. खरे आहे. पण याच परंपरेत पुढे बघा. किशोरीताईंच्या शिष्या माणिक भिडे. त्यांची मुलगी आणि शिष्या अश्विनी भिडे-देशपांडे. अश्विनीताईंनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. मोगूबाई आणि किशोरीताई या दोघींकडे शिकलेले अरुण द्रविड तर रसायन अभियंते, अमेरिकेतल्या एमआयटीचे डॉक्टरेट. डॉक्टरेटसाठी रात्री प्रयोगशाळेत जागणे काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. त्यात या मंडळींनी जयपूर घराण्याची तालीम कशी सांभाळली असेल याचे आम्हाला नवल वाटते. तेव्हा 'गाणे की अभ्यास' हा प्रश्नच आम्ही चुकीचा मांडला होता.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आम्हाला पुढच्या आठवड्यात फोनवर कळला. आम्ही वहिनींना म्हटले, "परवाचे उत्तर मागे घेतो. क्लास बंद करू नका." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बंद करायची माझी तरी कुठे इच्छा आहे? पण तिला दोह्याला न्यायचे तिचे बाबा. मला गाडी येत नाही, आणि दर शुक्रवारी टॅक्सी परवडत नाही."

एवढेच होते. दहावीही नव्हती आणि फीही नव्हती. तिच्या बाईंनी फी केव्हाच माफ केली आहे. नेणारे माणूस गेले होते. आम्ही मात्र गाडीत बसून तिच्या भवितव्यावर मत देत होतो, आणि ती गाडी दर शुक्रवारी सकाळी आमच्या दारात उभी असते!

मोगूबाईंची गोष्ट आता आम्हाला अशीही दिसते. आईने नाटक मंडळीत नेले, घरच्यांनी सांगलीला नेले. गळा आणि जिद्द त्यांची स्वतःची. पण दहा वर्षांच्या पोरक्या पोरीला गुरूच्या दारापर्यंत पोचवायला कुणीतरी लागलेच.

त्यांचे कुर्डी गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात गावाची जोती आणि देवळाची जागा उघडी पडते, आणि इतरत्र वसवलेले गावकरी थोड्या दिवसांसाठी तिथे परत जातात. गाव पाण्याखाली गेले, पण तिथून निघालेले गाणे आजही शिकवले जाते. आपणही गाव मागे टाकून आलेली माणसे आहोत. आपल्याबरोबर काय आले आणि ते पुढे कुणाच्या हाती जाणार, याचा विचार आपल्यालाच करायला हवा.

तर मंडळी, वहिनींना आणि मुलीला विचारूनच हे लिहीत आहोत. शुक्रवारी सकाळी वक्राहून दोह्याला नेणे आणि दीड-दोन तासांनी परत आणणे, एवढेच काम आहे. आपल्याकडे गाड्या असलेली निदान आठ-दहा घरे आहेत. म्हणजे प्रत्येकाची पाळी दोन-अडीच महिन्यांतून एकदा येईल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत पाळ्यांचा तक्ता ठेवू. पहिला शुक्रवार आमच्याकडे. जाताना गाडीत विज्ञानाचा एखादा धडाही करून घेऊ. आम्लारी आणि क्षार आम्हाला बऱ्यापैकी येतात, तिने मात्र आम्हाला भूपाचे आरोह-अवरोह शिकवायचे असे ठरले आहे.

परीक्षा मार्चपर्यंत आटोपेल. त्यानंतर बिरकत अल अवामेरच्या त्याच कॅन्टीनमध्ये तिचे गाणे पुन्हा ठेवायचा विचार आहे. त्या काकांनी मागच्याच वेळी जागा राखून ठेवायला सांगितले आहे.