यंत्र चुकते, कारकून जातो

दिवाळीच्या सुट्टीत न्यायालये बंद असतात. तेव्हा दिवाळी अंकात त्यांचा विषय काढणे म्हणजे रसभंग करणे, हे खरे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, आणि त्यामुळे पुढचा फराळ बिघडल्याचे कोणी ऐकलेले नाही.

विषय वकिलाच्या कारकुनाचा आहे. हल्ली त्याला पॅरालीगल असे भारदस्त नाव मिळाले असून त्या खुर्चीवर कायद्याची पदवी घेतलेल्या मुलीही बसू लागल्या आहेत; काम मात्र तेच. वाटणीसाठी, वारसनोंदीसाठी, भाडेकरू जागा सोडीत नाही म्हणून किंवा चेक परत आला म्हणून जे कोणी वकिलाच्या कचेरीचा जिना चढले असतील, त्यांना हा प्राणी ठाऊक आहे. साहेब निम्मा वेळ कोर्टात असतात. आपले रडगाणे ऐकून घेतो तो हा. कागदांची यादी करतो, नकला मागवतो, तारखा डायरीत टिपतो, नोटिशीचा कच्चा मसुदा करतो, सातबाऱ्यावरची फेरफाराची नोंद हुडकून काढतो, आणि 'काकू, मृत्यूचा दाखला आणलात का?' असे विचारून आपल्याला पुन्हा घरी पिटाळतो.

त्याच्या टेबलावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र येऊन बसले आहे. चाळीस पानांच्या दाव्याचा गोषवारा ते चहा निवण्याच्या आत करते. इंग्रजी निकालाचे मराठी करते. नोटीस सांगाल त्या सुरात लिहून देते, सौम्य किंवा जहाल. कारकुनाने दोन दिवस खपून करावयाचे काम असे चुटकीसरशी झालेले पाहून साहेबांच्या मनात काय येते, हे सांगावयास ज्योतिषी नको. 'दोन माणसे कशाला? एक पुरे.'

यंत्राशी माझे वैर नाही. टंकलेखन यंत्र आले तेव्हा सुंदर हस्ताक्षराचा अभिमान धरून नाक मुरडणारे लोक हास्यास्पद ठरले, आणि तसेच व्हावयास हवे होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली 'सुवास' हे भाषांतराचे साधन सुरू केले. इंग्रजीत अडकलेला निकाल खेड्यातल्या माणसाला मराठीत वाचावयास मिळावा, यात वाईट काय आहे? तारखांचा तक्ता करणे, लांबलचक पत्रव्यवहार कालानुक्रमाने लावणे, पहिला मसुदा पुढे ठेवणे, ही कामे यंत्राने खुशाल करावीत. माझे भांडण आहे ते यंत्र आणून माणूस काढणाऱ्या आणि यंत्र चुकले की उरलेल्या माणसाकडे बोट दाखवणाऱ्या साहेबांशी.

यंत्र चुकते कसे, ते पाहा. ते आठवून सांगत नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज घेत वाक्य विणते. त्यामुळे त्याला खरा निवाडा सापडला नाही तर ते गप्प बसत नाही. पक्षकारांची नावे, साल, खंड, पान यांसह एक नवाच निवाडा घडवून देते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात असे अनेक निवाडे सादर झाले. हे निवाडे खरे आहेत काय, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने 'होय' म्हटले होते! चोराला साक्षीला बोलावण्याचा हा प्रकार न्यायाधीशांना रुचला नाही. ५,००० डॉलर दंड झाला. हे दूरचे वाटत असेल तर जवळचे घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे टाकलेल्या गोष्टीवर आंधळेपणाने विसंबू नका, पडताळून घ्या, असे न्यायालयाने बजावले.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती अमेरिकेतल्या युटा राज्यातली २०२५ ची हकीकत. तिथल्या अपील न्यायालयापुढे आलेल्या अर्जात असाच एक बनावट निवाडा निघाला. अर्ज लिहिला होता कचेरीतल्या, वकिलीची सनद नसलेल्या एका मदतनिसाने. त्याने यंत्र वापरले, वकिलाने न पडताळता अर्ज पुढे केला. यंत्र कसे वापरावे याचा कसलाही नियम त्या कचेरीत नव्हता. न्यायालयाने वकिलाला प्रतिपक्षाचा खर्च भरावयास, पक्षकाराची फी परत करावयास आणि एका कायदासाहाय्य संस्थेला १,००० डॉलर द्यावयास लावले. वकील पैसे भरून सुटला. मदतनिसाची नोकरी मात्र गेली. नियम करावयाचे काम ज्याचे, त्याने ते केले नाही. आणि नियम नसल्याची सर्वांत जबर किंमत भरली ती पगारदाराने.

यावर उत्तर ठरलेले असते. 'तपासून घ्यावे, म्हणजे झाले!' अहो, पण तपासावयाचे कोणी आणि कोणत्या वेळात? दहा निवाड्यांचे मूळ काढून, वाचून, ते आपल्या मुद्द्याला लागू पडतात की नाही हे ठरवावयास लागणारा वेळ यंत्रामुळे कमी होत नाही. उलट वाढतो, कारण पूर्वी आपणच शोधलेला निवाडा निदान अस्तित्वात तरी असे. यंत्राने वाचवलेले दोन दिवस साहेबांच्या जमाखात्यावर जातात, आणि तपासणीचा दिवस कारकुनाने जेवणाच्या सुट्टीतून काढावा अशी अपेक्षा असते.

बरे, खोटे निवाडे हा ढोबळ प्रकार झाला. तो कधी ना कधी पकडला जातो. रोजच्या कामातल्या चुका बारीक असतात. चेक वटला नाही तर बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस समोरच्याला द्यावे लागतात, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. गणित पाचवीतल्या मुलाचे आहे. पण खबर नेमकी कोणत्या दिवशी मिळाली, हे बँकेच्या मेमोवर नसते. ते पक्षकाराला खोदून विचारावे लागते. यंत्र मेमोवरची तारीख उचलते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, आणि फसवणुकीचे सुप्रसिद्ध ४२० कलम ३१८(४) झाले. पण दीडशे वर्षांचे कागद जुन्याच आकड्यांनी भरलेले, तेव्हा यंत्राच्या तोंडीही तेच आकडे येऊ शकतात. कोणत्या दिवशीच्या गुन्ह्याला कोणता आकडा, हे माणसालाच पाहावे लागते.

आणि गुपिताचे काय? वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडू नये, हे सर्वांना माहीत असते. १८७२ च्या पुरावा कायद्याने हे बंधन दुभाष्यांवर आणि वकिलाच्या कारकुनांवरही घातले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दीडशे वर्षांनी नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही कारकून आहेच. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पुरते माहीत होते की, घरातले भांडण, सुनेची तक्रार, दत्तकाचा घोळ, हे सारे प्रथम कारकुनाच्या कानी पडते. तोच कागद आज फुकटच्या यंत्रात ओतला जातो आणि कोणत्या देशातल्या कोणत्या संगणकात जाऊन पडतो, ते कचेरीतल्या कोणालाही सांगता येत नाही. कारकुनाला मौनाचे बंधन, आणि यंत्राला? पक्षकाराला तर कोणी विचारीतही नाही. शिंप्याकडे टाकलेले कापड त्याने दुसऱ्याकडे शिवावयास दिले तर आपण जाब विचारतो.

'कारकुनी कंटाळवाणी असते, ती गेली तर तरुण मुले सुटली,' असे एक मत ऐकू येते. कंटाळवाणी असते यात शंका नाही. पण खरेदीखते वाचून वाचूनच चतुःसीमेतला घोळ नजरेला टोचू लागतो. शंभर उतारे पाहिल्यावर 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द दिसताच विक्रीला परवानगी लागेल, हे हाताला कळते. ही नजर ज्याला आलेली नाही, तो यंत्राचे काय तपासणार? मोडीचे आपण हेच केले. ती वाचणारे गेले आणि कोणाला फरक पडला नाही. मग २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली, तेव्हा मोडीचे जाणकार हुडकीत फिरावे लागले.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण केले: मान्य केलेलीच साधने वापरा, वापराची नोंद ठेवा, भाषांतर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि निर्णय यंत्रावर सोडू नका. ते न्यायाधीशांना आणि तिथल्या नोकरवर्गाला लागू आहे; खाजगी वकिलांच्या कचेऱ्या मोकळ्याच. त्या कचेऱ्यांत एवढेच का होऊ नये? यंत्राने केलेल्या मसुद्यावर तसे लिहावे आणि तो मुळाशी ताडून पाहणाऱ्याचे नाव खाली असावे. ताडण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. पक्षकाराला विचारल्याखेरीज त्याचा कागद बाहेरच्या यंत्रात घालू नये. आणि ज्याची सही, त्याची चूक. कारकुनाच्या आडोशाला साहेबांनी उभे राहू नये. यंत्र घ्यावयाला पैसे आहेत, तर याला का नसावेत?

भाऊबीज आटोपली की न्यायालये उघडतील आणि दुय्यम निबंधकांच्या दारी पुन्हा माणसे जमतील. त्यांत हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करावयास आलेल्या बहिणी असतीलच. पुष्कळ जुन्या उताऱ्यांत त्यांची नावे 'इतर हक्क' या रकान्यात कोपऱ्यात पडलेली आढळतात. हक्कसोडपत्र हा दस्त यंत्र फार सफाईने लिहिते. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द ते न सांगता घालते. कागद पुढे सरकवण्यापूर्वी 'ताई, यात तुमचा हिस्सा जातोय, घरी कोणी हे वाचून दाखवलंय का?' असे विचारणारा माणूस त्या टेबलाशी ठेवावयाचा की त्याचा पगार वाचवावयाचा, हे साहेबांनी या सुट्टीत ठरवून टाकावे.