म्हण जुनी, अपमान ताजा

बुलडाणा जिल्ह्यातील एका न्यायालयाच्या बाररूममध्ये परवा एका कनिष्ठ वकिलाने इंग्रजी वर्तमानपत्रातला मथळा दाखवून विचारले, "सर, 'पराया स्टेट' म्हणजे काय?" एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "परका देश. आपलाच शब्द साहेबांनी उचलला!" सारे हसले.

तो शब्द आपल्या 'पराया'चा नव्हे. तमिळनाडूतील परैयर या अस्पृश्य ठरविलेल्या जातीच्या नावावरून तो सतराव्या शतकात इंग्रजीत गेला. 'परै' म्हणजे ढोल. तो वाजविणारे ते परैयर, असे कोशकार सांगतात. कष्टकरी माणसांच्या जातीचे नाव इंग्रजीत 'वाळीत टाकलेला' या अर्थाने रूढ झाले!

पण इंग्रजांना नावे ठेवण्यापूर्वी मराठीकडे पाहू. 'गाव तिथे महारवाडा', म्हणजे चांगल्या ठिकाणीही काही वाईट असायचेच. महारवाडा वाईट, हे गृहीतच! हेच ज्येष्ठ वकील मागे एका लाचखोर कारकुनाविषयी बोलताना ही म्हण सहज बोलून गेले. हटकले तर उत्तर ठरलेले असते : "अहो, नुसती म्हण आहे, मनात काही नाही." आम्ही तेव्हा हटकलेही नाही. ती आमची चूक.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्वर्णसिंग खटल्यात स्पष्ट केले, की 'चमार' या शब्दाची व्युत्पत्ती नव्हे, तर लोक तो आज कोणत्या अर्थाने वापरतात ते पाहावे. अपमानाच्या हेतूने तसे संबोधणे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो. म्हण उच्चारली की लगेच गुन्हा होतो, असे नाही. हेतू आणि लोकांसमक्ष केलेला अपमान सिद्ध करावा लागतो. पण न्यायालयाची ही कसोटी स्वतःच्या जिभेला लावण्यास कोणता कायदा आडवा येतो?

डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी शासननिर्णयाने बदलते. म्हण मात्र ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे अडविल्याशिवाय मरत नाही.

समाजबांधवांनो, शाळेत, कचेरीत, चावडीवर ही म्हण कानी पडली तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. शांतपणे एवढेच विचारा, "महारवाड्यात वाईट काय होते, सांगता का?"

परवा परैयरांची हकीकत सांगून आम्ही त्या ज्येष्ठांना हाच प्रश्न विचारला. या वेळी कोणी हसले नाही.