परवडणारे घर : एका शब्दाची झाडाझडती

‘यंदा भात परवडले नाही’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा तो केवळ बियाण्याचा भाव सांगत नसतो. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतची मजुरी, घरच्या माणसांचे राबणे, पावसाने दिलेला दगा आणि शेवटी व्यापाऱ्याने हातावर ठेवलेली रक्कम हा सारा हिशेब त्या एका क्रियापदात येतो. ‘परवडणे’ हा मुळात प्रामाणिक शब्द आहे. त्यात खर्च लपवता येत नाही. घरांच्या बाजारात मात्र या शब्दाचा प्रामाणिकपणा पार धुऊन निघाला आहे. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराच्या नियमांनी परवडणाऱ्या घराची व्याख्या केली, ती अशी: किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत, आणि चटई क्षेत्र महानगरांत ६० व अन्यत्र ९० चौरस मीटरपर्यंत. हे घर माणसाच्या कामाच्या जागेपासून किती लांब आहे, हा प्रश्न या व्याख्येला पडत नाही. घर विकत न घेता भाड्याने घेणारा माणूसही तिच्या दृष्टीस पडत नाही. आम्ही कर्जत-नेरळच्या पट्ट्यात भाड्याने राहणारी माणसे आहोत. या दोन वगळलेल्या गोष्टींवरच आमचे सारे आयुष्य उभे असल्यामुळे, या शब्दाची झाडाझडती घेणे आम्हांस भाग आहे.

प्रथम भूगोल. रेल्वेच्या भाषेत कर्जत हे उपनगरी स्थानक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून त्याचे अंतर १०० किलोमीटर आहे, आणि तेथून पुणे स्थानक १९२ किलोमीटरवर. म्हणजे ज्या गावाला मुंबईचे उपनगर म्हणून खपवले जाते, ते पुण्याच्या वाटेवर निम्म्याहून पुढे, बोरघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. तेथून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्थानके घेत खोपोलीकडे जाणारा फाटा खालापूर तालुक्यात शिरतो. त्या फाट्यावरची एक गाडी चुकली तर पुढची केव्हा, हा विचार प्रवाशाने बाकावर बसून करावयाचा असतो. जाहिरातींत या प्रदेशाचे वर्णन ‘निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे असते. ते खोटे नाही. प्रश्न स्टेशनपर्यंतच्या पाच मिनिटांचा नसून स्टेशनपासून पुढच्या प्रवासाचा आहे.

तो प्रवास दक्षिण मुंबईपर्यंत एका बाजूने दोन तासांहून अधिक होतो. आपण अगदी हात राखून हिशेब करू आणि जाण्यायेण्याचे मिळून दिवसाला चारच तास धरू. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, म्हणजे १०० तास. आठ तासांची एक पाळी धरली तर महिन्याला साडेबारा पाळ्या आम्ही लोकलच्या डब्यात भरतो. या पाळ्यांचे वेतन कोणी देत नाही. उलट पासाचे पैसे आम्हीच भरतो. जे भाडे आमच्या करारावर लिहिलेले असते ते म्हणूनच खऱ्या भाड्याचा केवळ पहिला हप्ता होय. दुसरा हप्ता झोपेतून वजा होतो, आणि तिसरा मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळीतून. घरातील बाईही नोकरी करीत असेल तर पहाटे तीन-साडेतीनला पेटणारी शेगडी कोणाच्या खात्यावर मांडायची, हे कोणत्याही व्याख्येत सापडत नाही. त्यातून पावसाळा आला की उल्हास नदी आपली बाजू मांडते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे वाचकांस आठवत असेल. बातमी एक्स्प्रेसची झाली. त्याच रुळांवर रोजच्या भाकरीसाठी अवलंबून असलेल्यांचा तो दिवस कोणत्या रजेत गेला, याची बातमी होत नसते.

‘इतके कष्ट आहेत तर तेथे राहता कशाला?’ असा प्रश्न सुखवस्तू मित्र विचारतात. या प्रश्नात निवड गृहीत धरलेली आहे. निवड ही दोन झेपणाऱ्या गोष्टींत होते. जेथे एकच गोष्ट झेपते तेथे तिला निवड म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. आणि झेपणारी ती एकमेव गोष्टही आमच्याजवळ अकरा महिन्यांपुरतीच असते. अकरा महिन्यांची अट कोणत्याही कायद्याने घातलेली नाही. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली. ती चुकवण्यासाठी अकराचा आकडा रूढ झाला. पुढे राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने, तो लागू असलेल्या क्षेत्रांत, मुदत कितीही असली तरी करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, आणि ती जबाबदारी घरमालकाची, असे स्पष्ट केले. म्हणजे पळवाट बुजली, तरी अकराचा आकडा राहिला. कारण त्याचा उपयोग आता वेगळा आहे. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवता येते, दलालाला नवी दलाली मिळते, आणि नळाला पाणी येत नाही अशी तक्रार करणाऱ्या भाडेकरूस ‘पुढच्या वेळी पाहू’ असे हसत सांगता येते. मुलाची शाळा बारा महिन्यांची आणि घर अकरा महिन्यांचे, अशा विचित्र पंचांगावर आमचे संसार चालतात.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो अप्रामाणिक नाही. आक्षेप असा की भाड्याची घरे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानेच मारली. भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, नवी चाळ बांधण्यात कोणाला रस उरला नाही. यातले बरेचसे खरे आहे, आणि गोठलेल्या भाड्यांचा जमाना परत यावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट मालकांना निर्वेध करून दिली. या करारात रक्कम उभयपक्षी ठरते, ती गोठत नाही. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. मालकाच्या भयाचे कारण दूर होऊन आता पाव शतक उलटले. मग भाड्याच्या घरांचा पूर यावयास हवा होता. तो कोठे आहे? केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. घर ही राहण्याची जागा न राहता पैसे साठवण्याची तिजोरी झाली, की ती कुलूपबंद असणे हेच तिच्या मालकाला स्वाभाविक वाटते. कर्जत-खालापुरात हे रोज दिसते. शनिवार-रविवारी उघडणारे बंगले, भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या अंधाऱ्या सदनिका, आणि त्याच रस्त्याने रात्री अकराला डबा हातात घेऊन एका खोलीकडे चालत जाणारा भाडेकरू, हे एकाच गावातले दृश्य आहे.

शासनाला भाड्याच्या घराचे महत्त्व कधी उमगलेच नाही, असेही म्हणता येत नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली होती. बांधकाम व्यावसायिकाला जादा चटई निर्देशांक द्यायचा आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे प्राधिकरणाने घेऊन भाड्याने द्यायची, अशी ती कल्पना होती. पुढे झाले काय? जादा बांधकाम झाले, भाडेकरू मात्र मध्येच गळाला. योजनेचे रूप बदलून ती पुन्हा ‘परवडणाऱ्या’, म्हणजे विकावयाच्या घरांकडे वळली. पनवेलजवळ कोन येथे भाड्यासाठी बांधलेली घरे अखेर मालकी हक्काने गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. कामगारांना घरे मिळाली याचा आम्हांस आनंदच आहे. पण एका वंचिताचा हक्क दुसऱ्या वंचिताच्या ताटातून भागवण्याची ही रीत कोणाच्या सोयीची, हे विचारलेच पाहिजे.

गिरणी कामगारांचा उल्लेख आलाच आहे, तर याच तालुक्यातले सर्वांत बोलके उदाहरण पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील बहुतेकांच्या हाताला पुन्हा गिरणी लागली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये त्या नियमाचा अर्थ आकुंचित करून वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती ठेवली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. उरलेल्या जमिनीवर मनोरे व मॉल उभे राहिले. आता त्याच कामगारांच्या वारसांना घरे देऊ केली जात आहेत ती कर्जत तालुक्यातील शेलू आणि शेजारच्या वांगणी येथे. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात तर, देऊ केलेले घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपेल अशी तरतूद होती. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर कामगार जमले ते ‘घर मुंबईतच हवे’ या मागणीसाठी. त्यानंतर ती तरतूद मागे घेण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले.

या प्रकरणातील क्रूर विनोद खालापूरच्या माणसाला विशेष कळेल. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून वीज मुंबईकडे गेली, ती प्रामुख्याने कापड गिरण्या चालवण्यासाठी. सह्याद्रीचे पाणी आणि खोपोलीची वीज यांवर ज्यांचे माग फिरले, त्यांच्या नातवंडांना शतकानंतर त्याच तारांच्या उलट दिशेने परत पाठवले जात आहे. वीज मुंबईने ठेवून घेतली, जमीन ठेवून घेतली; परत करते आहे ती फक्त माणसे.

‘मुंबईत जागाच नाही’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते तपासून पाहू. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, कोंदट, शौचालय सामाईक. आम्ही त्या खोल्यांचे गोडवे गाणार नाही. पण त्या गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या, आणि भाड्याच्या होत्या. परकी सरकारलाही एवढे कळत होते की कामगार कामाजवळ राहिला पाहिजे. त्या चाळींतील भाडेकरूंना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे त्याच जागी मिळू लागली आहेत. वरळीतल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. म्हणजे जागा आहे. जेथे भाडेकरूचा हक्क कागदावर टिकला तेथे ती सापडली, आणि जेथे हक्क विरला तेथे ‘जागा नाही’ हे उत्तर आले. लायसन्सवर राहणाऱ्या आम्हांला असा कोणताही हक्क शंभर वर्षांनीही मिळणार नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने आम्ही भाडेकरूही नाही. आम्हांला घरात असण्याची तात्पुरती परवानगी आहे, इतकेच.

मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या चाळ-संस्कृतीवर आपण उसासे टाकतो, ज्या ‘बटाट्याच्या चाळी’ने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या हसवले, ती सारी भाडेकरूंची संस्कृती होती. गणेशोत्सव, वाचनालय, व्याख्यानमाला, संप आणि नाटके उभी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नावावर घर होते. पण उद्याही आपण येथेच असू याची खात्री बहुतेकांना होती. अकरा महिन्यांच्या माणसाला ती खात्री नसते. तो वाचनालयाचा सभासद होत नाही, सोसायटीच्या सभेत त्याला आवाज नसतो, आणि मतदारयादीत नाव बदलून होईपर्यंत त्याचा पत्ता बदललेला असतो. शिवाय तो रात्री अकराला घरी पोचतो. साहित्य सोडा, शेजारही अशाने घडत नाही.

आता सांगितले जाते की थोडे थांबा, विकास येतो आहे. २०१६ साली मंजूर झालेला, चौकवरून जाणारा सुमारे ३० किलोमीटरचा पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग. २०२५ मध्ये उद्‌घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. या सोयींना आमचा विरोध नाही. पण त्यांचा लाभ कोणाला होतो, हे पाहावे. गाडी जवळ आली की घराची किंमत मालकाच्या खिशात वाढते, आणि भाडेकरूच्या पुढच्या करारात भाडे वाढते. वाचलेला अर्धा तास आम्हांला पुन्हा विकत घ्यावा लागतो. न झेपल्यास आणखी एक स्थानक पुढे सरकावे लागते. येथल्या मूळच्या माणसांचेही तेच. कर्जतमध्येच राहणारा शिक्षक, एसटीचा वाहक, दुकानातला पोरगा यांना मुंबईच्या मानाने ठरलेली भाडी कर्जतच्या पगारातून भरावी लागतात. आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांभोवतीच्या जमिनी तर भाड्याचा प्रश्न पडण्यापूर्वीच कुंपणाआड गेलेल्या असतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शासकीय व गिरण्यांच्या जमिनींवर, कामाच्या जागांजवळ, केवळ भाड्याची आणि कधीही न विकायची घरे शासनाने बांधावीत. खाजगी घरांचा करार निदान तीन वर्षांचा असावा आणि भाडेवाढीचा दर आरंभीच लिहिलेला असावा. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडे कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. तो नुसता नमुना असल्याने राज्यांवर बंधनकारक नाही, म्हणून राज्याने ही मर्यादा स्वतःच्या कायद्यात आणावी. वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या घरांवर जादा कर बसवावा. आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत चौरस मीटर व लाख रुपये यांच्या शेजारी तिसरा रकाना असावा: कामाला जाण्यायेण्याचे तास. एवढेही करण्याची तयारी नसेल, तर शासनाने आपल्या कागदांवरून ‘परवडणारे’ हा शब्द तरी काढून टाकावा आणि त्या जागी ‘लांबचे’ असे लिहावे. त्याने आमचे साडेबारा पाळ्यांचे कष्ट कमी होणार नाहीत, पण निदान एक चांगला मराठी शब्द शेतकऱ्याला परत मिळेल.