वीज पडते दूर, जळते आपल्या वावरातलं!

मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा सोयाबीन सोंगणीच्या वेळी यवतमाळ जिल्ह्यात विजा जोर धरतात. वीज पडते दूर नाल्याकाठी, अन् इकडे सौर पंपाचा कंट्रोलर बंद. ‘आपल्या वावरात तर इज पडलीच नाही, मग मशीन जळलं कसं?’ असे तुम्हीही विचारले असेल.

विजेच्या एका लोळात साधारण 30 हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात चढतो. भोवती विद्युत-चुंबकीय लहर उठते. तिच्या वाटेत लांब वायर आली की त्या वायरमध्ये क्षणभर भलताच जादा दाब तयार होतो. जुना स्टार्टर म्हणजे तांब्याची कॉइल, तो पुष्कळदा सोसतो. कंट्रोलरमधली चिप थोड्या जादा दाबानेही मरते.

युद्धात अणुबॉम्ब आकाशात फुटला की सगळ्या गाड्या जागेवर थांबतात, अशी चर्चा पारावर ऐकू येते. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर 400 किलोमीटर उंचीवर स्फोट केला, तेव्हा सुमारे 1,400 किलोमीटरवरच्या हवाई बेटांत रस्त्यावरचे दिवे गेले, हे खरे. पण पुढे तिथल्याच आयोगाने 37 मोटारी व 18 ट्रक अशा लहरीखाली तपासले. बहुतेकांत किरकोळ गडबडीपलीकडे काही झाले नाही, काही बंद पडले, त्यातला एक ट्रक सोडला तर बाकीचे परत सुरू झाले. म्हणजे भीती गाडीपेक्षा तारांच्या जाळ्याला जास्त. आणि ते जाळे आता आपल्या वावरापर्यंत आले आहे.

तेव्हा ढग गरजू लागण्याआधीच ग्रामपंचायतीच्या संगणकाचा प्लग काढा. नुसते बटन बंद करून भागत नाही. सौर पंपासोबत आलेल्या वीजरोधकाची तार मोकळी लोंबत तर नाही, पाहा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पावसाआधी त्यात पाणी घाला. पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप 20 ते 40 किलोमीटरवरच्या विजेची सूचना देते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती गावाच्या ग्रुपवर टाकली तर माणसंही वाचतील. बंद काचांच्या जीपमध्ये माणूस सुरक्षित, ट्रॅक्टरवर नाही, छत असले तरी!

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा आहे. पंप जळाला तर गावातल्या मेकॅनिकने पेटी उघडण्याआधी महावितरणकडे तक्रार नोंदवा, अन् तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.